भिंतीतून येणारी घरघर

दूषित पाण्याने होणारे आजार आपण जाणतो, धुराने होणारेही जाणतो. पण घराच्या भिंतीतून आणि फरशीतून येणाऱ्या आवाजाने प्रकृती बिघडते म्हटले, की पुष्कळांना ते नाजूकपणाचे लक्षण वाटते. आजचा विषय तोच आहे. त्याला निमित्त झाले एका वाचक भगिनीचे पत्र.

त्यांचे बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर आहे आणि बरोबर खाली पिठाची गिरणी. सकाळपासून रात्रीपर्यंत फरशी थरथरते, मांडणीवरची भांडी किणकिणतात. मुलगी दहावीला आहे, सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास. खिडक्या बंद करून पाहिल्या, जाड पडदे लावले, कोणी सांगितले म्हणून भिंतीला थर्मोकोलही चिकटवले. फरक शून्य. शेवटी त्या विचारतात, याने खरोखर आजार होतो, की मलाच सहन होत नाही?

उत्तर आधी देतो. होय, आजार होतो. आणि थर्मोकोल का उपयोगी पडले नाही, हे समजले की उपायही सापडतो.

आवाजाचे माप

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप मीटर-किलोसारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले, की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. एका यंत्राशेजारी तसेच दुसरे यंत्र सुरू केले तर मात्र तीनच डेसिबल वाढतात. म्हणून दहा यंत्रांपैकी एक बंद केले तर फरक जाणवत नाही, आणि लोक म्हणतात, "बघा, काही उपयोग नाही!"

रात्री शांत घरात तीसच्या आसपास डेसिबल असतात. समोरासमोर बसून बोलताना साठ. स्वयंपाकघरातला मिक्सर ऐंशीच्या वर जातो. धोट्याचे यंत्रमाग चालू असलेल्या कारखान्यात शंभराच्या आसपास आवाज असतो. मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीसमोर तो त्याहूनही पुढे जातो.

मोजायला यंत्र नसेल तर एक साधी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील आवाज साधारण ८५ डेसिबलच्या पुढे गेला आहे असे समजा. रोज आठ तास अशा जागी काढणाऱ्याचे कान हळूहळू खराब होतात.

कानाचे काय होते?

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात केसासारखे तंतू असलेल्या हजारो सूक्ष्म पेशी असतात. आवाजाच्या लाटेने हे तंतू हलतात आणि मेंदूला संदेश जातो. वाऱ्याने पीक डोलावे तसे हे आहे. वारा गेला की पीक पुन्हा उभे राहते; रोज वादळ आले तर आडवे होते. शेतात पुढच्या हंगामी पुन्हा पेरता येते. माणसाच्या कानातल्या या पेशी मात्र एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यावर गोळी नाही, थेंब नाहीत, शस्त्रक्रिया नाही.

माझ्या दवाखान्यात यंत्रमागावर काम केलेली मंडळी नेहमी येतात. "मला ऐकू येत नाही" असे सांगत त्यांच्यातला क्वचितच कोणी येतो. येतात ते खोकला, पाठदुखी घेऊन, आणि बरोबर आलेली बायको सांगते, "डॉक्टर, हे टीव्ही फार मोठा लावतात." तपासणी केली की बहुधा एकच चित्र दिसते. जाड आवाज ऐकू येतो, बारीक आवाज गेलेला असतो. गोंगाटाने प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे कमी होते. स, श, फ, थ असे वर्ण याच वरच्या पट्टीत येतात. त्यामुळे रोग्याला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. नातवाचे बारीक बोलणे तर आधी हरवते. घरच्यांना वाटते, म्हातारा मुद्दाम दुर्लक्ष करतो. मग माणूस बोलणेच सोडतो आणि चारचौघांत गप्प बसू लागतो. बहिरेपणाचे सर्वांत मोठे दुःख हे आहे.

कामावरून आल्यावर तास-दोन तास कान बधिर वाटणे किंवा कानात सतत 'कुंई' असा आवाज येणे, ही पहिली सूचना. सुट्टीच्या दिवशी हे कमी होत असेल तर अजून वेळ गेलेली नाही.

कानापलीकडचे परिणाम

घरात येणारा आवाज बहुधा कान बधिर करण्याइतका मोठा नसतो. पण डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. आपण झोपलो तरी कान जागे असतात. रात्री पाण्याची मोटर सुरू झाली आणि जाग आली नाही, तरी नाडी वाढते, रक्तदाब क्षणभर चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी उठल्यावर काहीच आठवत नाही, अंग मात्र आंबलेले असते. हे रोज, वर्षानुवर्षे घडले की त्याची किंमत हृदयाला मोजावी लागते. युरोपातील विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. रात्रीच्या विमानांचा आवाज जेथे जास्त, तेथे उच्च रक्तदाबाचे प्रमाणही जास्त आढळले. चांगल्या झोपेसाठी झोपण्याच्या खोलीतला सततचा आवाज तीस डेसिबलच्या पुढे नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले आहे.

मुलांच्या बाबतीत एक उदाहरण प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे. न्यूयॉर्क शहरात एका शाळेच्या शेजारून उंच पुलावरून आगगाडी धावत असे. इमारतीच्या एका बाजूचे वर्ग रुळांकडे होते, दुसऱ्या बाजूचे शांत होते. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन तपासले. १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोंगाटाच्या बाजूची मुले मागे पडली होती आणि सहावीपर्यंत ती जवळजवळ एक वर्ष मागे राहिली होती. शाळा तीच, पुस्तके तीच. फरक खिडकीबाहेरच्या आवाजाचा होता.

याच्या पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्यानंतर रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या गेल्या आणि त्या वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले गेले. १९८१ साली पुन्हा पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही बाजूंची मुले बरोबरीने वाचत होती. म्हणजे मुले 'ढ' नव्हती. आवाज कमी केला आणि त्यांचे वाचन सुधारले. पत्रलेखिका भगिनींनी आपल्या दहावीच्या मुलीकडे या दृष्टीने पाहावे.

आवाज घरात शिरतो कसा?

त्याच्या वाटा दोन. पहिली वाट हवेची. रस्त्यावरचा भोंगा, शेजारचा टीव्ही, लग्नाचा बँड हे हवेतून येतात आणि खिडकी-दारातून शिरतात. दुसरी वाट बांधकामाची. यंत्र फरशीला हादरे देते, फरशीतून ते भिंतीत, भिंतीतून खांबात, खांबातून वरच्या मजल्यावर जातात. तेथे भिंत आणि फरशी स्वतःच थरथरतात आणि ढोलाच्या कातड्यासारख्या वाजू लागतात.

कोणत्या वाटेने आवाज येतो हे ओळखणे सोपे आहे. खिडकी उघडा आणि बंद करा. फरक पडला तर आवाज हवेतला. फरक पडला नाही, भिंतीला तळवा टेकल्यावर थरथर जाणवली किंवा जमिनीवर ठेवलेल्या वाटीतल्या पाण्यावर बारीक लहरी उठल्या, तर तो बांधकामातून येणारा हादरा. अशा हादऱ्याला पडदे, खिडक्या, थर्मोकोल काहीही करू शकत नाहीत. भिंतच वाजत असताना तिला आतून कागद चिकटवून काय होणार?

हवेतला आवाज कसा अडवावा?

हवेतला आवाज वजन अडवते. भिंत जितकी जड, तितका आवाज कमी. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे पन्नास डेसिबल अडवते. जुन्या वाड्यांच्या आणि माळवदाच्या घरांच्या हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीत बाहेरचा कोलाहल ऐकू येत नसे, तो याच कारणाने. आजकाल दोन खोल्यांमध्ये पातळ प्लायवूडची फळी उभी करतात. तिच्यापलीकडचे घोरणेही ऐकू येते.

पण भिंत कितीही चांगली असली तरी फट तिचे सारे श्रेय घालवते. भिंतीच्या शंभर भागांपैकी एक भाग जरी उघडा राहिला, तरी ती भिंत वीस डेसिबलहून अधिक अडवू शकत नाही. म्हणून खर्च करण्याआधी फटी शोधा. दाराखालची फट, चौकटीभोवतीची भेग, कूलरसाठी पाडलेले भगदाड, छपराखाली मोकळी सोडलेली जागा. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी, दाराखाली झडप, भेगांना सिमेंट किंवा पुट्टी, एवढ्यानेही बराच फरक पडतो. मात्र गॅसची शेगडी, गिझर किंवा चूल असलेल्या खोलीतली हवेची वाट कधीही बुजवू नका. आवाज टाळताना गुदमरण्याची पाळी येऊ नये.

हादरा मुळाशीच अडवावा

हादऱ्याचा उपाय यंत्राच्या पायाशीच करावा लागतो. तत्त्व सोपे आहे. यंत्र आणि इमारत यांच्यामध्ये मऊ टेकू हवा, म्हणजे यंत्र आपल्या जागी हलेल आणि हादरा खाली उतरणार नाही. पण 'मऊ' म्हणजे किती, याला हिशेब आहे. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलले तर तो चढत जातो. टेकूचीही एक लय असते. यंत्राचे फेरे तिच्याशी जुळले तर हादरा कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून टेकूची लय यंत्राच्या फेऱ्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून कमी असावी. तसे जमले तर हादऱ्याचा सुमारे आठवा भागच खाली जातो.

प्रत्यक्षात हे कसे पाहायचे? मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटर असेल, तर तिच्या वजनाने टेकू सुमारे चार मिलिमीटर दबला पाहिजे. टायरचा कडक तुकडा घातला आणि तो दबलाच नाही, तर तो दगडासारखाच. गिरणीच्या दगडाचे फेरे मोटरहून कमी असतात. ते मिनिटाला ७२० असतील, तर दबणे सुमारे सोळा मिलिमीटर लागते. तेथे रबराची चकती पुरत नाही, स्प्रिंगचे टेकू लागतात. हिशेब नेहमी सर्वांत हळू फिरणाऱ्या भागाचा धरायचा.

गिरणीसाठी चांगली रचना अशी. मोटर आणि गिरणी दोन्ही एकाच जड काँक्रीटच्या ओट्यावर बसवाव्यात, म्हणजे पट्टा ओढला जात नाही, आणि तो पूर्ण ओटा टेकूंवर ठेवावा. यंत्राचा कोणताही भाग भिंतीला टेकलेला नसावा. एक लोखंडी ब्रॅकेट भिंतीत रोवलेला राहिला, तर खालचे सारे टेकू फुकट जातात. त्याआधी यंत्राची देखभाल करावी. झिजलेली बेअरिंग, असमतोल दगड, सैल बोल्ट यांनी हादरा वाढतो. कारागीर बोलावून एवढे केले तरी पुष्कळ वेळा वरच्या बिऱ्हाडाला उतार पडतो आणि गिरणीचे आयुष्यही वाढते.

पाण्याच्या पंपालाही हेच लागू. पंप टेकूवर ठेवा, पण त्याला जोडलेला लोखंडी पाइप भिंतीत घट्ट आवळलेला असेल, तर हादरा पाइपातून वर चढतो. पंपाजवळ रबरी जोड द्या आणि पाइपाच्या पकडीखाली रबराची पट्टी घाला. वातानुकूलन यंत्राची बाहेरची पेटी झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला टांगू नका. वरच्या मजल्यावरच्या बायका खलबत्ता चालवताना खाली चार पदरी गोणपाट घालतात, तोही याच तत्त्वाचा घरगुती उपयोग. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच लावले, तरी खालच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची दुपारची झोप मोडत नाही.

घरातले यंत्रमाग

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर या गावांत खाली माग आणि वर किंवा मागे राहणे, अशी हजारो घरे आहेत. येथे स्पष्ट बोलले पाहिजे. धोट्याचा माग मिनिटाला साधारण दीडशेच्या आसपास ठोके देतो. इतक्या संथ लयीचा हादरा रबराच्या गादीने अडत नाही. त्यासाठी लागणारा मऊपणा व्यवहारात देता येत नाही. गादीने ठोक्याचा कडक 'खट्' कमी होतो, डोलणे तसेच राहते. म्हणून माग वरच्या मजल्यावर बसवूच नयेत. त्यात बांधकामालाही धोका आहे. ते जमिनीवर, स्वतंत्र पायावर असावेत. मागांची खोली आणि राहती खोली यांत सामाईक भिंत असेल, तर मधे हवेची पोकळी सोडून दुसरी भिंत घालावी आणि दोन्ही भिंती एकमेकींना कोठेही जोडू नयेत. निदान बाळाचा पाळणा आणि मुलांच्या अभ्यासाची जागा त्या भिंतीपासून सर्वांत दूरच्या खोलीत न्यावी.

कामगाराने कानात बोळे घालावेत, पण कापसाचे नव्हेत. कापसाने फारसा आवाज अडत नाही. औषधांच्या दुकानांत फोमचे किंवा रबराचे बोळे मिळतात. फोमचे बोळे बारीक वळून, कान वरच्या बाजूला किंचित ओढून आत बसवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर पंधरा-वीस डेसिबल सहज कमी होतात. हात स्वच्छ हवेत आणि कान वाहत असेल तर बोळा घालू नये. वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून कागद जपून ठेवावा. गोंगाटाने आलेला बहिरेपणा हा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नमूद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

काही गैरसमज

अंड्यांचे पुठ्ठे, थर्मोकोल, स्पंज भिंतीला लावून शेजारचा आवाज थांबत नाही. मऊ, सच्छिद्र वस्तू खोलीच्या आतला घुमारा कमी करते. शाळेच्या वर्गात, सभागृहात तिचा उपयोग आहे. पण वस्तू हलकी असल्याने ती पलीकडचा आवाज अडवू शकत नाही. कुंपणाला अशोकाच्या झाडांची एक रांग लावली की आवाज बंद होईल, हेही खरे नाही. झाडे जरूर लावा, पण सावलीसाठी. आणि "सवय होते" हा सर्वांत मोठा गैरसमज. मन सवय करून घेते. नाडी आणि रक्तदाब तेवढी सवय करून घेत नाहीत.

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरवता येतो. तेथे ५० आणि ४०. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर नागरिकाला तक्रार करता येते.

पण माझा अनुभव असा, की तक्रार अर्जाआधी शेजाऱ्याकडे जाऊन केलेले बोलणे अधिक कामी येते. "तुमची गिरणी बंद करा" म्हटले की भांडण पेटते, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. त्याऐवजी त्याला वर बोलवा, भिंतीला हात लावायला सांगा, वाटीतले पाणी दाखवा. खालच्या माणसाला आपला हादरा वर कसा जाणवतो हे बहुधा माहीतच नसते. मग टेकूंचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची तयारी दाखवा. परीक्षेच्या महिन्यात दळणाच्या वेळा ठरवून घेता येतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) आवाज हवेतून येतो की भिंतीतून, हे आधी ओळखा.
२) हवेतल्या आवाजासाठी फटी बुजवा, भिंतीतल्या हादऱ्यासाठी यंत्राचा पाया सुधारा.
३) टेकू यंत्राच्या वजनाने दबला पाहिजे. न दबणारे रबर निरुपयोगी.
४) झोपण्याची व अभ्यासाची जागा यंत्राच्या भिंतीपासून दूर ठेवा.
५) रक्तदाब असलेल्यांनी झोप पुरी होत नसेल, तर डॉक्टरांना गोळ्यांबरोबर घरातल्या आवाजाविषयीही सांगावे.
६) कानात सतत आवाज येणे, शब्द न कळणे, मूल हाकेला ओ न देणे यांपैकी काहीही दिसले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जा. तेथे उशीर झाल्यास ऐकणे परत येण्याची आशा कमी होत जाते.